आरोग्यसेविकांना दृष्टिहीन लोकांसोबत काम करायला कसं शिकवायचं: मुंबईच्या वस्त्यांसाठी ट्रेनिंगचा पूर्ण आराखडा

डोळ्यांचं ट्रेनिंग म्हटलं की आपल्याकडे काय होतं, एक नेत्रतज्ज्ञ येतात, डोळ्याच्या आतल्या भागांची स्लाइड लावतात, मोतीबिंदू काचबिंदू पडदा सगळं भराभर सांगतात, मग चहा-समोसा, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट. सेविकांना पेशंट शोधून पाठवायचं कळतं, आणि ते चांगलंच आहे. पण ज्या काकींना डॉक्टरनी 'आता काही होणार नाही' सांगून घरी पाठवलंय त्यांच्या दारात उभं राहून काय करायचं हे कोणीच सांगत नाही. मग सर्व्हेच्या वहीत 'दिव्यांग १' लिहून ताई पुढच्या दारात जाते. त्या काकींचं बीपी कोणी मोजत नाही, दोन आठवडे खोकला आहे का विचारत नाही, साखर तपासत नाही, कारण सगळ्यांना त्यांचे डोळेच दिसतात, बाकीचं शरीर दिसत नाही.

म्हणून खालचं सगळं ट्रेनिंग त्या उरलेल्या कामासाठी आहे. हेल्थ पोस्टच्या (म्हणजे पालिकेच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्राच्या) आरोग्यसेविका, आशा ताई, वस्तीत काम करणाऱ्या संस्थांच्या कार्यकर्त्या, सगळ्यांना चालेल.

आधी तारखा आणि माणसं

दोन पूर्ण दिवस ठेवण्यापेक्षा चार अर्धे दिवस ठेवा, मध्ये आठवड्याचं अंतर टाका. सेविकांचा सकाळचा सर्व्हे असतो, नंतर रिपोर्ट, घरी पोरं, पूर्ण दिवस बसवलं की तीन वाजल्यापासून सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. आणि अंतर ठेवलं की मधल्या दिवसांत त्या वस्तीत करून बघतात आणि पुढच्या वेळी खरे प्रश्न घेऊन येतात. जुलै ते सप्टेंबर नकोच, तेव्हा मलेरिया, डेंग्यू, लेप्टो या सगळ्यात त्या बुडालेल्या असतात. पल्स पोलिओच्या तारखा पण बघून घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. एका बॅचला वीसच्या वर बायका घेऊ नका, कारण यातलं अर्धं काम हाताने करायचं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, शिकवणारी एक व्यक्ती स्वतः दृष्टिहीन असलीच पाहिजे. शाल-श्रीफळ देऊन 'अनुभवाचे दोन शब्द' बोलायला बोलवायचं नाही हां, मुख्य ट्रेनर म्हणून बोलवायचं, डॉक्टरला जेवढं मानधन देता तेवढं द्यायचं, आणि सोबत येणाऱ्या माणसाचा प्रवासखर्च पण द्यायचा. मुंबईत अशी माणसं मिळणं अवघड नाही. वरळीला नॅब आहे, नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, १९५२ पासून, सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये दृष्टिहीनांसाठीचं रिसोर्स सेंटर आहे, तिथून चौकशी सुरू करा. शक्यतो दोन ट्रेनर घ्या, एक जन्मापासून न दिसणारी आणि एक वयाच्या चाळिशी-पन्नाशीत दृष्टी गेलेली, कारण वस्तीत भेटणारे बहुतेक जण दुसऱ्या प्रकारातले असतात आणि त्यांचे प्रश्न वेगळे असतात. ब्रेल तर त्यातल्या बहुतेकांना येत नाही.

पहिला अर्धा दिवस: दार वाजवण्यापासून उठेपर्यंत

सगळे ट्रेनर डोळ्याच्या आजारापासून सुरू करतात, मी म्हणते दारापासून करा. सेविका दारात जाऊन नुसतं 'काकी, ओळखलं का?' म्हणते. हा खेळ बंद. नाव सांगायचं, कुठून आली ते सांगायचं, सोबत कोण आहे तेही सांगायचं: "काकी, मी हेल्थ पोस्टवरून आलेय, सोबत नवीन नर्स (एएनएम) ताई आहेत, आम्ही दारात उभ्या आहोत, आत येऊ का?" निघतानाही सांगून निघायचं, नाहीतर काकी पाच मिनिटं रिकाम्या खोलीशी बोलत बसतात.

सुनेकडे बघून 'ह्यांना गोळ्या वेळेवर देता ना?' असं विचारायचं नाही, काकींनाच विचारायचं. कान शाबूत आहेत त्यांचे, म्हणून मोठ्याने ओरडून पण बोलायचं नाही. 'इथे', 'तिकडे', 'हे बघा असं' या शब्दांचा उपयोग नाही, 'तुमच्या उजव्या हाताला, टेबलाच्या कडेला' असं सांगायचं. 'बघा', 'दिसतंय का' असे शब्द चुकून आले तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, दृष्टिहीन माणसंही तसंच बोलतात. बीपीचा पट्टा लावताना आधी सांगायचं की डाव्या दंडाला पट्टा गुंडाळतेय, आता घट्ट होईल, मग सैल होईल. सुई टोचायच्या आधी तर सांगायचंच. आणि मशीनवरचा आकडा वहीत लिहून गप्प बसायचं नाही, तो मोठ्याने सांगायचा, कारण बाकीचे पेशंट मान वाकवून स्वतः वाचतात, यांना ते जमत नाही.

पण इथे एक अडचण आहे ती ट्रेनिंगमध्ये नक्की काढा. चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत, मध्ये नुसतं पत्र्याचं किंवा प्लायचं पार्टिशन, तिथे रिपोर्ट मोठ्याने वाचला तर शेजारच्या तीन घरांना कळतो. प्रेग्नन्सी असेल, एचआयव्ही असेल, टीबी असेल, काय करायचं? आधी विचारायचं, 'कुठे बसून वाचू, कोण असलेलं चालेल?' कधी हेल्थ पोस्टला बोलवून बंद खोलीत वाचायचं, कधी फोनवर, इयरफोन लावून. अंगठा किंवा सही घ्यायच्या कागदाचं तेच, पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय घ्यायची नाही, आणि अंध माणूस म्हणजे अंगठाच असं धरून चालू नका, बरेच जण छान सही करतात, फक्त पेनाचं टोक रेषेवर ठेवून द्या.

यावर जोड्या करून सराव घ्या आणि दृष्टिहीन ट्रेनरच्या खऱ्या हातावर खरं बीपी मोजायला लावा. त्या तिथल्या तिथे सांगतात काय खटकलं.

डोळ्यावर पट्टी बांधून चालवायचा खेळ सगळ्यांना फार आवडतो. मला नाही आवडत. पाच मिनिटांच्या पट्टीने फक्त भीती आणि कीव वाटते, बायका पट्टी सोडून 'देवा, कसं जगतात हो हे' म्हणतात. घ्यायचाच असेल तर आधी पद्धत शिकवा आणि मग पट्टी बांधून एखादं काम करून घ्या, पाणी ओतणं, गोळ्यांची स्ट्रिप ओळखणं वगैरे, म्हणजे 'हे जमतं' असं वाटून त्या उठतात.

दुसरा अर्धा दिवस: तपासणी आणि कुणाला लगेच पळवायचं

आता डोळे. सेविकेने निदान करायचं नाहीये, चाळणी लावायची आहे. ६/१८ मापाचा (चांगल्या डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून ओळखायचं, असा) इंग्रजी 'ई' अक्षराचा कार्ड ६ मीटरवरून दाखवायचा, म्हणजे साधारण २० फूट. एवढी खोली आपल्याकडे कुणाची असते? म्हणून एक नायलॉनची दोरी ६ मीटरची कापून पर्समध्ये ठेवा, ३ मीटरवर गाठ मारा, आणि तपासणी पॅसेजमध्ये किंवा गल्लीत दिवसाच्या उजेडात करा. एकेक डोळा वेगळा, दुसरा तळहाताने झाकायचा पण दाबायचा नाही, लांबचा चष्मा असेल तर लावूनच. 'ई'ची तोंडं कुठे आहेत ते हाताने दाखवायला सांगायचं, कार्ड फिरवत राहायचं. जमलं नाही तर पुढे पाठवायचं. त्याआधी ३ मीटरच्या गाठीवर उभं राहून बोटं मोजायला लावायची, तीही जमत नसतील तर दृष्टी साधारण ३/६० च्या खाली आहे असं समजा. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण २०१७ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यातही अंधत्वाची रेषा हीच आहे, चांगल्या डोळ्याची, चष्मा लावून. अल्पदृष्टी म्हणजे ६/१८ पेक्षा कमी ते ३/६० पर्यंत.

यात एक फट आहे. काचबिंदूवाल्याला समोरचा 'ई' नीट दिसतो पण बाजूचं दिसत नाही. म्हणून तोंडी प्रश्न विचारायलाच हवेत: चालताना दाराच्या चौकटीला, बाजूच्या माणसाला धडकता का, संध्याकाळी जिन्यात चाचपडता का, घरात आई-वडील भाऊ-बहीण कुणाला काचबिंदू आहे का. असेल तर तक्रार नसली तरी तपासणीला पाठवायचं. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही, थेंब फक्त उरलेली राखतात, आणि लोक थेंब नेमके म्हणूनच सोडतात, 'टाकून काही फरक पडत नाही ना ताई'. फरक पडत नाही हाच फरक आहे हे सेविकेला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे, तिच्याकडून दहा वेळा वदवून घ्या. शुगरवाल्यांना डोळ्याचा पडदा दरवर्षी तपासायला पाठवायचं, नीट दिसत असलं तरी. मोतीबिंदूचं सोपं आहे, ऑपरेशन होतं, सरकारी कार्यक्रमात फुकट होतं, आणि २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्व्हेत पन्नाशीच्या पुढच्या लोकांतल्या अंधत्वाचं ६६.२ टक्के कारण मोतीबिंदूच निघालं होतं, म्हणजे हे काम पण सोडायचं नाहीच.

त्याच दिवशी जे.जे., केईएम, नायर, सायन, कूपर जे जवळ असेल तिथे पाठवायच्या गोष्टी तोंडपाठ हव्यात. अचानक दिसेनासं होणं, डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं वाटणं, विजेसारखे चमकारे. लाल डोळा आणि सोबत जोरात दुखणं, उलटी, दिव्याभोवती रंगीत कडी. ऑपरेशननंतर डोळा लाल होणं किंवा कमी दिसायला लागणं. लहान बाळाच्या बुबुळात पांढरं दिसणं. आणि चुना. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना फुटून पोराच्या डोळ्यात जाते, असं झालं की आधी रिक्षा शोधायची नाही, आधी नळाखाली डोळा उघडा धरून निदान अर्धा तास स्वच्छ पाण्याने धुवायचा, पापणीखालचे कण काढत, मग दवाखाना. मेडिकलवरून स्वतःच्या मनाने थेंब आणून टाकणं हा वेगळा विषय आहे, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि महिनोन्महिने टाकलं तर त्यानेच काचबिंदू होऊ शकतो.

बाळांचं अजून एक. ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर त्याच्या डोळ्याचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायला हवा, फारच लहान असेल तर त्याही आधी. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं पण आई सव्वा महिना घराबाहेर पडत नाही आणि ती वेळ हातातून जाते. बाळंतिणीच्या पहिल्याच भेटीत वजन आणि आठवडे बघून तारीख घालून द्यायची.

तिसरा अर्धा दिवस: बाहेर पडा

हा दिवस वर्गात घेऊच नका. दृष्टिहीन माणसाला हात धरून ओढायचं नसतं, मागून ढकलायचं तर अजिबात नाही. आपल्या हाताची पाठ त्यांच्या हाताला टेकवायची, ते आपल्या कोपराच्या किंचित वर पकडतात आणि अर्धं पाऊल मागे चालतात, आपलं अंग वळलं थांबलं की त्यांना आपोआप कळतं. आधी विचारायचं, नको म्हणाले तर नको. काठी कधीच पकडायची नाही.

पुस्तकात हे फुटपाथवर दाखवलेलं असतं. गोवंडी, धारावी, मालवणीच्या गल्लीत दोन माणसं शेजारी शेजारी मावतच नाहीत. तिथे आपला हात पाठीमागे न्यायचा, कोपर मागे, त्या माणसाने बरोबर आपल्या मागे यायचं. तोंडाने सांगत राहायचं: डावीकडे उघडं गटार, पायाखाली पाण्याचे पाइप, वर पत्र्याची कड आहे डोकं वाकवा. पत्र्याची कड फार महत्त्वाची, काठीला जमिनीवरचं कळतं, कपाळाच्या उंचीवरचं कळत नाही. पायऱ्यांपाशी थांबायचं, चढायच्या का उतरायच्या ते सांगायचं, शेवटची पायरी आली की परत सांगायचं. खुर्चीवर बसवायचं म्हणजे खांदे धरून दाबायचं नाही, त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवायचा, बाकी ते करतात. मधेच फोन आला म्हणून मोकळ्या जागेत सोडून जायचं नाही, हात भिंतीला लावून द्यायचा आणि सांगून जायचं.

पोटमाळ्याच्या लोखंडी शिडीवर हे काही चालत नाही. शिडी ज्याची त्यानेच चढायची, उतरताना तोंड शिडीकडे, आपण फक्त खाली उभं राहायचं. नव्याने दृष्टी गेली असेल तर झोपायची जागा खाली आणा म्हणून घरच्यांशी बोलावं लागतं, आणि हे बोलणं सोपं नसतं कारण खाली जागाच नसते.

सार्वजनिक संडासापर्यंतचा रस्ता हा खरा परीक्षेचा पेपर समजा. घरापासून तिथपर्यंत त्या माणसासोबत चालायचं, खुणा ठरवायच्या, गिरणीचा आवाज, किराणा दुकानाचा वास, जिथे फरशी संपून सिमेंट लागतं ती जागा. ओल्या फरशीवर कुठे घसरतं ते बघायचं. बायका अंधार पडल्यावर जायला नको म्हणून दुपारनंतर पाणीच पीत नाहीत, मग लघवीची जळजळ, हे प्रत्येक भेटीत विचारायचं. पावसाळ्यात पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या आवाजात बाकीचे सगळे आवाज बुडतात आणि ओळखीचा रस्ताही हरवतो, म्हणून मे महिन्यातच एक चक्कर वेगळी मारा.

स्टेशनला पण न्या, दुपारी गर्दी कमी असताना. लोकलचा दिव्यांग डबा जिथे थांबतो तिथे प्लॅटफॉर्मवर बीप बीप आवाज येत असतो, रोज प्रवास करणाऱ्यांनाही तो कशाचा हे माहीत नसतं. सेविकांना तो ऐकवा. काठी घेऊन एकट्याने फिरायचं शिकवणं मात्र सेविकेचं काम नाही, त्याचे प्रशिक्षित लोक असतात, त्यांच्याकडे पाठवा.

चौथा अर्धा दिवस: घर, गोळ्या, मन, कागद

गोळ्यांवर जास्त वेळ द्या. सकाळच्या स्ट्रिपला एक रबरबँड, रात्रीच्याला दोन, किंवा स्ट्रिपचा एक कोपरा कात्रीने कापायचा. सरकारी दवाखान्यात दर महिन्याला त्याच गोळीची कंपनी बदलते, स्ट्रिपचा आकार बदलतो, म्हणून नवीन गोळ्या आल्या की त्या दिवशी खुणा परत करायच्या आणि त्या माणसाकडून हाताने ओळखून घ्यायच्या. डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या सगळ्या सारख्याच, तिथेही रबरबँड, आणि उघडल्याची तारीख लक्षात ठेवायची, महिन्यानंतर फेकायची. इन्सुलिन असेल तर डोस दिसणाऱ्या माणसाने तपासल्याशिवाय घ्यायचं नाही, पेनच्या टिकटिक आवाजावर एकट्याने भरवसा नको.

गॅसच्या बटणावर बंदची जागा एम-सीलच्या छोट्या ठिपक्याने दाखवा. टिकली चिकटवून बघतात काही जणी, पण वाफेने पडते. भांडं आधी ठेवायचं, गॅस मग पेटवायचा, पदर खोचून. ज्यांना थोडं दिसतं त्यांच्यासाठी रंगाचा फरक फार कामाला येतो, भात गडद ताटात, उंबऱ्याच्या कडेला पिवळी टेप, ट्यूबलाइट डोळ्यासमोर नको, पाठीमागून उजेड हवा. घरातल्या वस्तू जागच्या जागी हव्यात आणि दार एकतर पूर्ण उघडं नाहीतर पूर्ण बंद, अर्धवट दाराने कपाळं फुटतात.

पैशांचं छोटंसं: १००, २००, ५०० च्या नव्या नोटांची लांबी १४२, १४६, १५० मिलिमीटर, म्हणजे चारच मिलिमीटरचा फरक, चुरगळलेल्या नोटेत तो कळत नाही. रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं ॲप नोट ओळखून बोलून सांगतं, इंटरनेट लागत नाही. ॲन्ड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, असतंच. सेविकेला पूर्ण यायला नको पण चालू आणि बंद करता आलं पाहिजे, नाहीतर चुकून चालू झालं की घरात गोंधळ होतो.

आता मन. ज्याची दृष्टी पन्नाशीत गेली, रिक्षा चालवायचा, जरीकाम करायचा, वॉचमन होता, तो घरात बसला की महिनाभरात चिडका होतो किंवा बोलेनासा होतो. ऐकायचं, 'देवाची मर्जी' म्हणायचं नाही. मरणाच्या गोष्टी करत असेल तर सरळ विचारायचं, एकटं सोडायचं नाही, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावून द्यायचा आणि डॉक्टरपर्यंत न्यायचं. आणि एक गोष्ट सगळ्या बॅचला आवर्जून सांगते, दृष्टी गेल्यावर काही जणांना नसलेली माणसं, जाळ्या, फुलं दिसतात. याला चार्ल्स बोनेट सिंड्रोम म्हणतात, मेंदूला डोळ्याकडून काही येत नाही म्हणून तो स्वतःच चित्रं काढतो. ते वेड नाही आणि बाहेरचं पण नाही. लोक भीतीने कुणाला सांगत नाहीत, घरचे कळल्यावर उतारा काढतात. 'तुम्हाला असं काही दिसतं का, बऱ्याच जणांना दिसतं' एवढं विचारलं तरी माणूस मोकळा होतो. मात्र सोबत गोंधळलेपणा, ताप, आवाज ऐकू येणं असं काही असेल तर डॉक्टर.

बायकांबद्दल वेगळं बोला. अंध मुलीला पाळी कशी सांभाळायची हे आईने हात धरून शिकवायला हवं, आणि 'तिला कशाला मूल' म्हणून घरचे परस्पर ऑपरेशनचं बोलतात तेव्हा सेविकेला माहीत हवं की २०१६ च्या कायद्याच्या कलम १० प्रमाणे तिच्या स्वतःच्या समजून दिलेल्या संमतीशिवाय ते करता येत नाही.

कागदांचं: युडीआयडी कार्डसाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, आधार, फोटो, पत्ता, मग ठरलेल्या सरकारी हॉस्पिटलमध्ये तपासणी. लाभासाठी ४० टक्के लागतात. एका डोळ्याने पूर्ण अंध आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्केच मिळतात, हे आधीच सांगा म्हणजे माणूस चार खेपा घालून शिव्या देत परत येणार नाही. टक्केवारी चष्मा लावून मोजतात, म्हणून चष्मा किंवा मोतीबिंदूचं काम आधी उरकून घ्या. कार्ड आलं की संजय गांधी निराधार योजना, बेस्ट आणि रेल्वेची सवलत यांचे अर्ज. 'नेत्रदानातून डोळा मिळेल का' हे प्रत्येक घरात विचारतात, तर ते फक्त बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या आजारात, काचबिंदूत नाही. मुलांच्या शाळेसाठी ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल, मुलींसाठी दादरची अंध शाळा, आणि ऐकूही येत नसेल तर हेलन केलर इन्स्टिट्यूट, ही नावं माहीत असू द्या.

परीक्षा आणि नंतर

लेखी पेपर घेऊ नका. दृष्टिहीन ट्रेनर गेटपाशी उभ्या राहतात, प्रत्येक सेविकेने त्यांना केस पेपरच्या खिडकीपर्यंत न्यायचं, बसवायचं, बीपी मोजून आकडा सांगायचा, एक गोळी समजावायची. मार्क त्याच देतात. नापास झाली तर पुढच्या आठवड्यात परत, त्यात काही कमीपणा नाही.

महिन्याभराने सगळ्यांना एकदा बोलवा, आणि वहीत 'दिव्यांग १' च्या शेजारी तीन रकाने वाढवून घ्या: शेवटचं बीपी आणि साखर कधी मोजली, गोळ्यांवर खुणा आहेत का, आणि निरोप कसा द्यायचा. तिसरा रकाना कोणाला सुचत नाही. पुढच्या तारखेची चिठ्ठी हातात देऊन ताई निघून जाते, ती चिठ्ठी फ्रिजवर चिकटते आणि तारीख निघून जाते. त्यापेक्षा व्हॉट्सॲपवर तीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज, कोणत्या हॉस्पिटलला, कितव्या नंबरच्या ओपीडीत, किती वाजता, सोबत काय कागद, आणि आदल्या संध्याकाळी एक फोन.